बाळ लाजतंय

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर रजईचा तुकडा घालायची कल्पना माझी. आमच्या चर्चची ग्लेना ती स्वतःची म्हणून सांगायची आणि मी ते कधी खोडून काढलं नाही, पण खरं ते खरं. तुकडा माझ्या आईने शिवलेला होता. आठ टोकांचा तारा, निळा आणि पिवळा, पिठाच्या पिशव्यांच्या कापडाचा. माझ्या लहानपणी आमच्या केंटकीच्या डोंगरात पीठ फुलाफुलांच्या पिशव्यांतून यायचं. बायका पिशव्या उसवून पोरींचे झगे शिवायच्या आणि झगे विरले की त्यांच्या रजया व्हायच्या. आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तर रजई उंदरांनी खाल्लेली. धड राहिला तो हा एवढा तारा.

आता मला ब्याऐंशी चालू आहे. रेडिओवर अजून तोच वाद चालतो: मूल नको म्हणून आलेल्या बाईला आधी सोनोग्राफी दाखवावी की दाखवू नये. मी भांडी घासता घासता ऐकते. एक बाजू म्हणते, दाखवा, म्हणजे तिला कळेल. दुसरी म्हणते, तिच्या दुःखावर मीठ चोळू नका. दोघांचंही मला थोडंथोडं पटतं, कारण दोन्ही तऱ्हेच्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मला जे माहीत आहे ते या वादात कुठेच येत नाही.

सव्वीस वर्षं मी आमच्या जिल्ह्याच्या इस्पितळात सोनोग्राफी केली. पहिलं मशीन कपाटाएवढं होतं आणि त्यातलं चित्र म्हणजे धुक्यात हरवलेली गाय. मला शिकवायला सिनसिनाटीहून एक उंच बाई आली होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ओपल, हात चालू, तोंड बंद. तू चित्र काढायचंस. चित्रात काय आहे ते सांगणं डॉक्टरांचं काम."

स्क्रीन तेव्हा माझ्याकडे तोंड करून असायची. झोपलेल्या बाईला दिसायचा तो फक्त माझा चेहरा. बायका तोच वाचायच्या. भुवई जरा हलली तरी त्यांचा श्वास अडकायचा. म्हणून मी चेहरा धुतलेल्या बशीसारखा ठेवायला शिकले. आणि एक शब्दही शिकले. तो आमच्याकडे सगळ्याच म्हणायच्या. बाळ पाठ करून झोपलं असेल, तोंड दाखवत नसेल, तर म्हणायचं, "बाळ लाजतंय आज." बाई हसायची, पोट हलायचं, कधीकधी बाळही वळायचं.

पण तो शब्द दुसऱ्याही कामाला यायचा. ठोका मिळेना, किंवा डोक्याचा आकार बरोबर दिसेना, की मी तसंच हसून म्हणायचे, "लाजतंय बाई आज, थांबा, जरा डॉक्टरांना बोलावते." बाईला संशय न येता मला खोलीबाहेर पडता यायचं. पाच मिनिटांत डॉक्टर येऊन खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचे. त्या शब्दाच्या मागे नेहमी एक डॉक्टर चालत येत होता. हे मी विसरले. कुठे विसरले, तेच सांगायला बसले आहे.

इस्पितळाने बाळंतपणाचा विभाग बंद केला तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. खाणी बंद पडल्या होत्या, तरुण माणसं ओहायो-इंडियानाकडे निघून गेली होती, मग पाळणे कुणासाठी ठेवायचे? दोन वर्षं मी घरी टोमॅटो लावले. मग आमच्या चर्चच्या मंडळीतली ग्लेना एक दिवस थेट घरीच आली. घेवड्याच्या शेंगांनी भरलेली टोपली माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "ओपल, देवाने तुझे हात नुसत्या शेंगा सोलायला दिलेले नाहीत."

चर्चच्या बायकांनी गावात एक घर घेतलं होतं, बी-बियाण्यांच्या दुकानासमोर, पांढऱ्या लाकडाचं. अडचणीत सापडलेल्या पोरींसाठी. तिथे गर्भाची तपासणी फुकट, लंगोट फुकट, पाळणा फुकट आणि प्रार्थना तर फुकटच. गावात त्याला व्हाइट हाउस म्हणायचे. "तिथे राष्ट्राध्यक्ष नाही," लोक म्हणत, "पण ग्लेना आहे." सोनोग्राफीचं मशीन पुरुषमंडळींनी आणलं होतं. चार उन्हाळे दर शनिवारी चर्चच्या पटांगणात कॅटफिश तळून विकला आणि त्यातून मशीन आलं. माझा नवरा डेल्बर्टही कढईपाशी उभा असायचा. मी तिथे काम करून घरी आले की नाक उडवून म्हणायचा, "म्हातारे, आज मशीनला माशांचा वास येत होता का गं?" काय दिवस होते ते! मक्याचा पाव, कांदा, तळलेला मासा आणि गाणारी मंडळी. आता त्यांतली निम्मी माणसं टेकडीवर झोपली आहेत.

मशीनला दोन स्क्रीन होत्या. एक माझ्यापुढे, दुसरी भिंतीवर, झोपलेल्या बाईच्या बरोबर समोर. पहिल्याच आठवड्यात माझी आणि ग्लेनाची जुंपली.

"आधी विचारायला हवं," मी म्हटलं. "बघायचंय का, म्हणून."

"विचारलंस तर नाही म्हणतील."

"मग नाही म्हणू दे."

"अगं, बुडणाऱ्याला विचारतात का, दोर हवाय का म्हणून?"

"ग्लेना, ती पाठीवर झोपलेली असते, कंबरेपर्यंत उघडी. तिथून तिला पळताही येत नाही. मी अशा बाईवर काही लादणार नाही."

तीन आठवडे आम्ही एकमेकींशी फक्त लंगोटांबद्दल बोललो. मग मी आईचा तारा आणून भिंतीवरच्या स्क्रीनवर घातला आणि त्याच्या टोकाला एक दोरी शिवली. दोरीचं दुसरं टोक बाईच्या हाताशी. ओढली तर दिसेल, नाही ओढली तर नाही. ग्लेनाने तोंड वाकडं केलं, पण बायकांना ते आवडलं. पुढे राजधानीत या विषयावरच्या कायद्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा ग्लेना आमदारांना सांगून आली, "आम्ही जबरदस्ती करत नाही. आमच्याकडे रजई आहे." पेपरात फोटोही आला, ग्लेनाचा आणि रजईचा.

कुणी ओढली, कुणी नाही ओढली. एकीने ओढली आणि त्याच क्षणी ठरवलं. तिची मुलगी आज चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाते आणि मला पाहिलं की हात हलवते. एकीने ओढली, बराच वेळ पाहिलं, मग उठून रजई पुन्हा नीट सरळ केली, मला धन्यवाद म्हणाली आणि ठरल्या दिवशी लेक्सिंग्टन शहरातल्या गर्भपाताच्या दवाखान्यात गेली. त्या वर्षी शरदात तिने मला सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आणून दिली. चाळिशीतली एक बाई पूर्ण वेळ दोरी मुठीत धरून होती. ती गेल्यावर दोरी ओली लागली हाताला.

ट्रेसा आली ती ईस्टरनंतरच्या गुरुवारी. रेडबडची झाडं फुलली होती, टेकड्या गुलाबी. चोवीस वर्षांची पोर, वृद्धाश्रमात काम करणारी, अंगात मांजरांची चित्रं असलेला कामाचा सदरा. बरोबर चार वर्षांची मुलगी, डेसी. डेसीचा बाप इंडियानात ट्रक चालवायला गेला होता. सुटीला यायचा आणि मग महिनोन्महिने फोनपुरता उरायचा.

"मिस ओपल," दारातच ती म्हणाली, "आधीच सांगते. शनिवारी लेक्सिंग्टनला माझी वेळ ठरली आहे. मला कुणी भाषण देऊ नका."

"मी भाषण देत नाही, पोरी. मी जेल लावते. आणि ते भाषणापेक्षा थंड असतं."

ती हसली. "किती दिवस झालेत ते नक्की कळलं म्हणजे बरं. आई म्हणाली, ओपलकडे जा, ती खोटं बोलत नाही. डेसीच्या वेळी तुम्हीच होतात ना इस्पितळात?"

मला आठवत होतं. डेसीने अर्धा तास पाठ फिरवली होती. ट्रेसाची आई आयसी तेव्हा खोलीत होती आणि पोटावर टिचकी मारून म्हणाली होती, "वळ गं बये, आजीला काम आहेत."

डेसीला ग्लेनाने बिस्किटं देऊन बाहेर बसवलं. ट्रेसा झोपली. मी यंत्राची दांडी तिच्या पोटावर टेकवली आणि अजून चित्र जुळवतेच आहे, तोवर तिने दोरी ओढली. विचार न करता, खिडकीचा पडदा ओढावा तशी.

पाळीच्या हिशेबाने तिला सात आठवडे झाले होते. सात आठवड्यांत गर्भाशयात एक काळी पिशवी दिसते, पिशवीत घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्यात लुकलुकणारा ठोका. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, तिरकं पाहिलं. गर्भाशय रिकामं होतं. मग मी दांडी डावीकडे सरकवली. तिथे, जिथे काही असायला नको, एक पांढरं कडं होतं. त्याच्याखाली थोडं पाणी साचल्यासारखं काळं. सव्वीस वर्षांत मी ते कडं अकरा वेळा पाहिलं होतं. गर्भ नळीत अडकला होता. तो तिथे वाढत नाही, वाढला तर नळी फुटते, आणि नळी फुटली की बाई आतल्या आत रक्त गमावते. बाहेर थेंब दिसत नाही.

"कुठाय?" ट्रेसा भिंतीकडे बघत म्हणाली. "मिस ओपल, मला काहीच दिसत नाही."

तिने मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा बशी झाला. आणि तोंडातून, सव्वीस वर्षांच्या सवयीने, आपोआप निघालं: "बाळ लाजतंय आज."

मी उठलेसुद्धा. डॉक्टरांना बोलवायला दोन पावलं दाराकडे टाकली आणि दारात ग्लेना उभी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात डॉक्टर नाही. डॉक्टर फ्यूगेट दर मंगळवारी यायचे आणि आठवडाभराच्या चित्रांवर सही करून जायचे.

मागे ट्रेसा रडत होती आणि हसतही होती. "डेसीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. अगदी हेच. बघा, डेसीसारखंच आहे हे."

"लहान आहे अजून," ग्लेना आत येत म्हणाली. तिने ट्रेसाचा हात हातात घेतला. "दहा दिवसांनी ये. तोवर घाई करू नकोस, बाळा. ज्याला पाहिलंही नाही त्याच्याबद्दल कसं ठरवायचं?"

भिंतीवरच्या राखाडी रिकाम्या चौकोनाकडे ट्रेसाने बराच वेळ पाहिलं. "शनिवारचं पुढे ढकलते," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय नको."

त्या स्क्रीनवर खरोखरची बाळं पाहूनही काही जणींचं मन बदललं नव्हतं, ट्रेसाचं त्या दिवशी काही न पाहता बदललं.

मी ग्लेनाला स्वयंपाकघरात ओढलं. "तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं. नळीत आहे ते."

ग्लेनाचा चेहरा उतरला. ती वाईट बाई नव्हती, हे मला लिहायलाच हवं. तिने तीन पोरींना स्वतःच्या घरात ठेवून त्यांची बाळंतपणं केली होती. "तुला खात्री आहे?" तिने विचारलं.

"खात्री डॉक्टर देतात."

"म्हणजे नाही."

"म्हणजे मला दिसतंय, ग्लेना."

"ओपल, आपल्या कागदावर काय लिहिलंय? गर्भ आहे का, ठोका आहे का, किती आठवडे. बस. निदान करायची आपल्याला परवानगी नाही. उद्या तू म्हणालीस नळीत आहे आणि ते निघालं नुसतं लहान, तर? तिने तोवर ते काढून टाकलेलं असेल. कुणाच्या डोक्यावर येईल ते?"

हात चालू, तोंड बंद. सिनसिनाटीची ती बाई माझ्या कानात बोलली. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, डॉक्टरांनी ताबडतोब बघावं, आणि खाली दोन रेघा मारल्या. जणू रेघा मारल्याने डॉक्टर येतो.

बाहेर आले तर ट्रेसा निघाली होती. तिच्या हातात चित्राची प्रत होती. आम्ही प्रत्येकीला एक देत असू आणि ग्लेना तिच्यावर मार्करने काहीतरी गोड लिहायची. या प्रतीवर तिने लिहिलं होतं, "आई, मी लाजरं आहे!"

मी ओसरीवर गेले. ट्रेसा गाडीचं दार लावत होती. "ट्रेसा, दुखतंय का गं कुठे?"

"मी दिवसभर म्हाताऱ्यांना उचलते, मिस ओपल. कुठे दुखत नाही ते विचारा."

"डावीकडे दुखलं, चक्कर आली, तर सरळ इस्पितळात जा हं. थांबू नकोस."

असं मी म्हटलं. अगदी हेच शब्द. पण म्हणताना मी हसत होते, डेसीला हात हलवत होते. पाऊस आला तर छत्री घे, असं सांगावं तसं सांगितलं मी ते.

"हो हो," ट्रेसा म्हणाली. डेसीने खिडकीतून बिस्किट दाखवलं.

शुक्रवारी मी डॉक्टर फ्यूगेटांच्या घरी फोन केला. त्यांची बायको म्हणाली, "टर्कीच्या शिकारीला गेलेत डोंगरात, मंगळवारपर्यंत. तिथे फोन लागत नाही. आणि टर्की त्यांच्यापेक्षा हुशार आहेत, त्यामुळे रिकाम्या हातानेच येतील, बघा." मीही हसले. निरोप ठेवला.

ट्रेसाचा नंबर ग्लेनाच्या कपाटात होता, पण आयसीचा फोनच्या पुस्तकात होता. शनिवारी मी पान काढून त्यावर बोट ठेवून बसले होते. डेल्बर्ट समोर बूट घासत होता.

"कर की फोन," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी सांगायचं असतं."

"म्हातारे, शेजाऱ्याचं घर पेटलेलं दिसलं तर तू बंबवाल्यांची वाट बघत बसशील?"

"तुला यातलं कळत नाही."

"नाहीच कळत," तो म्हणाला आणि बूट घासत राहिला. त्याला सगळं कळत होतं.

त्याच शनिवारी ट्रेसा लेक्सिंग्टनला जाणार होती. तिथेही आधी सोनोग्राफी करतात. तिथल्या बाईला ते पांढरं कडं दिसलं असतं आणि तिच्या मागच्या खोलीत डॉक्टर असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे मी आजवर डेल्बर्टशिवाय कुणाजवळ बोलले नाही, आणि तोही आता नाही.

रविवारी चर्चमध्ये काय प्रवचन झालं ते मी ऐकलं नाही. ठरवलं, उद्या सकाळी फोन करायचा. सोमवारी नऊ वाजता केला. वाजत राहिला. आयसी तोवर निघाली होती, तिला वृद्धाश्रमातून बोलावणं आलं होतं. ट्रेसा सहाच्या पाळीला गेली होती. साडेआठला चादरी आणायला म्हणून कपड्यांच्या खोलीत गेली आणि बाहेर आली नाही. सापडली तेव्हा चादरींच्या चळतीला टेकून बसलेली होती. न्याहारी न केल्याने घेरी आली असेल म्हणून कुणीतरी तिला साखरेचं पाणी पाजायला गेलं. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. आमच्या वळणांच्या रस्त्यांवर ते नेहमीचंच. मोठ्या इस्पितळापर्यंत ती जिवंत पोचलीच नाही.

मयताला मी चिकन डंपलिंग घेऊन गेले. आमच्याकडे दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. टेबलावर हॅम, बटाट्याचं सॅलड, अंडी, तीन तऱ्हेचे केक. डेसी आजीच्या झग्याआड लपली होती. कुणीतरी तिला जवळ घ्यायला गेलं, तर आयसी म्हणाली, "राहू दे. लाजते ती." माझ्या हातातलं भांडं मी तिथेच जमिनीवर ठेवलं.

त्या आठवड्यात ग्लेना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे सुजलेले होते तिचे. "डॉक्टर फ्यूगेट म्हणाले, आपली काही चूक नाही," ती म्हणाली. "आपली तपासणी मर्यादित असते, तिने त्या कागदावर सही केली होती. आणि तू तिला सांगितलं होतंस, दुखलं तर जा म्हणून."

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यात राजधानीत त्या कायद्यावर सुनावणी आहे, ओपल. तुझं नाव दिलंय मी. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई दुसरी कोण आहे आपल्याकडे? अशा वेळी हे बाहेर गेलं, की तुला दिसलं होतं... तर विरोधातले लोक आपलं घर बंद करतील. पुढची पोर कुठे जाईल मग? लंगोट कोण देईल तिला?" तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आयसीला तरी कशाला सांगायचं? आधीच कमी आहे का तिला?"

मी काही बोलले नाही. ग्लेनाने ते होकारासारखं घेतलं, आणि तेव्हा तो होकारच होता.

मेच्या अखेरीस आमच्याकडे थडगी सजवायचा रविवार असतो. प्रत्येक घराण्याची टेकडीवर आपापली जागा. गवत कापायचं, माती सारखी करायची, फुलं वाहायची, मग झाडाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं. नवा दगड बसवायचा असेल तर त्या दिवसाच्या आत बसवतात. त्याच्या दहा दिवस आधी, दुपारी, आयसी माझ्या दारात आली. जाड भुवयांची, सरळ कण्याची बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. डेसीला तिने शेजारणीकडे ठेवलं होतं.

"बस," मी म्हटलं. "कॉफी टाकते."

"नको, ओपल. एवढंच काम आहे." तिने पर्समधून पाकीट काढलं आणि पाकिटातून ते चित्र. ट्रेसाने ते फ्रिजच्या दारावर लावलं होतं. कोपऱ्यावर चुंबकाचा डाग होता. वर ग्लेनाची गोल गोल अक्षरं, "आई, मी लाजरं आहे!"

"दगड घडवणारा माणूस म्हणाला, चित्र दिलं तर तो कोरून देतो," आयसी म्हणाली. "ट्रेसाच्या नावाखाली कोरायचंय. दोघं बरोबर गेली ना, मग बरोबर असू देत. मी नावही ठेवलंय, मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं. पण त्याला यात बाळ सापडेना. मलाही सापडत नाही. मी रात्रंदिवस बघते, मला नुसती राख दिसते." तिने पर्समधून एक पेन काढून चित्रावर ठेवलं. "तू गोल करून दे. कुठे आहे ते."

मी चष्मा पुसला. ओट्यावर चित्र ठेवलं, खिडकीपाशी, जिथे ग्लेनाने घेवड्याची टोपली ठेवली होती. मधोमध गर्भाशय होतं, रिकामं. त्याच्यात कुठेही एक छोटा गोल केला असता, तर आयसीने तो मानला असता. दगडवाल्याने कोरला असता. राजधानीतली सुनावणी पार पडली असती, पांढरं घर चालू राहिलं असतं, आणि दर वर्षी मेमध्ये आयसीने त्या गोलावर बोट फिरवलं असतं. ती मायेची गोष्ट ठरली असती, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. पेनचं टोक मी कागदाच्या मध्यावर नेलंही.

"ती म्हणाली होती मला," आयसी म्हणाली, "तू ओपलकडे पाठवलंस ते बरं केलंस. ओपल खोटं बोलत नाही."

मी पेन डावीकडे नेलं, चित्राच्या अगदी कडेला, आणि तिथे गोल काढला.

"हे?" आयसी खाली वाकली. "हे तर बाहेर आहे."

"हो. आत नव्हतं ते. नळीत अडकलं होतं."

"ते नंतर कळलं ना. इस्पितळात."

"नाही," मी म्हटलं. "मला त्याच दिवशी दिसलं होतं, आयसी. गुरुवारी. ती झोपलेली असताना. मला माहीत होतं ते काय आहे आणि त्याने काय होतं. मी तिला म्हटलं, बाळ लाजतंय."

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. ते मशीन बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. आयसी त्या गोलाकडे बघत होती. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारावं असंही वाटलं.

"गुरुवार," ती म्हणाली. बोटांवर मोजावेत तसे तिने एकेक शब्द उच्चारले. "शुक्रवार. शनिवार. रविवार."

"हो."

"रविवारी तिने आमच्याकडे जेवायला बटाटे सोलले. म्हणाली, आई, हे डेसीसारखंच लाजरं आहे गं. ठेवते मी याला." तिने चित्र उचललं, पाकिटात घातलं, पाकीट पर्समध्ये घातलं, पर्सचं बटण लावलं. प्रत्येक गोष्ट सावकाश केली. पेन माझ्या ओट्यावरच राहिलं. दाराशी जाऊन ती थांबली. माझ्याकडे पाठ होती तिची.

"तिने मला त्या रजईचंही सांगितलं होतं," ती म्हणाली. "निळा-पिवळा तारा. तुझ्या आईच्या हातचा ना? फार सुंदर होता म्हणाली."

मग ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या घरी जाऊन तारा काढून आणला आणि ग्लेनाला सांगितलं, राजधानीत मी येईन, पण आले तर ट्रेसाचं सांगेन. ग्लेना म्हणाली, "तू दमली आहेस, ओपल. घरी आराम कर." ती एकटीच गेली. आयसीनेही कुणावर खटला भरला नाही. आमच्या डोंगरात लोक फार बोलत नाहीत. ती मला दुकानात दिसायची, मान हलवायची, आणि फळ्यांच्या पुढच्या रांगेत निघून जायची. भिंतीवरच्या स्क्रीनवर ग्लेनाने नंतर काहीच घातलं नाही.

दगड त्या रविवारच्या आत बसला. रविवारी सगळे जेवून खाली उतरल्यावर मी वर गेले. ट्रेसाचं नाव, दोन तारखा, आणि त्याखाली एक चौकोन, आरशासारखा घासून गुळगुळीत केलेला, चित्रासाठी सोडलेला. त्यात काही कोरलं नव्हतं. आजही नाही. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे मला टेकडी चढवली नाही, म्हणून डेसीने गाडीने नेलं. मोठी झाली आहे आता, शेजारच्या जिल्ह्यात शिकवते. आजीने तिला किती सांगितलं आहे मला माहीत नाही, आणि ती विचारत नाही. तिने रुमालाने दगड पुसला, नाव पुसलं, तारखा पुसल्या, आणि मग तो रिकामा चौकोन, कोपऱ्या-कोपऱ्यांतून, नीट पुसला.